लाल धाग्याची बोंडं

धनीबाई मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी म्हणायला नको की ताईबाई विरघळली. मी विरघळणारी बाई नव्हे. ती समोर आली की माझ्या कपाळाला आठी पडते, आणि माझं नाव निघालं की ती बाजूला थुंकते. हे असंच चालू आहे आणि असंच चालू राहील.

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, प्रेमराज नानांचा कपाशीचा बीजप्लॉट आहे. बाजारात पिशवीत मिळते ती संकरित सरकी तिथं तयार होते. शेत नानांचं, वाण जळगावच्या कंपनीचं आणि हात आमचे. आम्ही चौदा बायका. मी मुकादमीण. एकवीस वर्षं झाली मला या कामात. कळीला हात लावल्याबरोबर ती उद्या उमलणार की परवा, हे मी डोळे मिटून सांगते.

हे काम करणाऱ्याला सोपं आणि बघणाऱ्याला त्याहून सोपं वाटतं. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी हेरायची. उजव्या अंगठ्याचं नख तिच्या बुडाशी लावायचं, गोल फिरवायचं आणि पाकळ्यांसकट आतली परागाची नळी एका झटक्यात उपसायची. मागं उरतं वाटाण्याएवढं हिरवं बोंडुकलं आणि त्याच्या डोक्यावरची काडी. त्या बोंडुकल्यावर एक पांढरा पापुद्रा असतो, तो फाटता कामा नये. फाटला म्हणजे नख आत गेलं. मग देठाला आपला धागा बांधायचा. चौदा बायका, चौदा रंग, म्हणजे कुठल्या बोंडाला कुणाचा हात लागला ते कळतं. माझा हिरवा. धनीबाईचा लाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या, म्हणजे पराग देणाऱ्या झाडांच्या, ओळींतली ताजी फुलं टोपलीत तोडून आणायची आणि एकेक फूल त्या काडीवर हलकेच फिरवायचं. हे अकराच्या आत उरकलं पाहिजे. ऊन चढलं की पराग मरतो. बारानंतरचा नर म्हणजे शिळं अन्न, पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंगाला लागत नाही. ही टोपली कुणी वाटायची? मुकादमिणीनं. म्हणजे मी.

आणि नखाचा नियमही माझाच. आषाढ लागला की प्रत्येकीनं अंगठ्याचं नख राखायचं, दगडावर घासून कड गुळगुळीत ठेवायची. जिच्या नखानं बोंडं खराब होतील तिचं नख मी सगळ्यांसमोर कापते. नख पुन्हा वाढेस्तोवर फुलोरा संपतो. पुढच्या साली दुसरी कुठली मुकादमीणही तिला मजुरांच्या टेम्पोत चढू देत नाही, कारण गोष्ट लगेच पसरते. आजपर्यंत तिघींची नखं कापली मी. त्यातली एक, गावातल्या वनाची बायको, तर पायावर पडली होती. मी म्हटलं, ऊठ, पायाला हात लावून नख वाढत नाही.

धनीबाई वरच्या पाड्यावरची. तिकडं जमीन म्हणजे उतारावरचे दगड, पाऊस पडला तर चार कणसं. नवरा नाही, म्हातारी आई घरात. हे दोन महिने हुकले तर गुजरातेत ऊस तोडायला जायचं, आणि म्हातारीला कुणाच्या भरवशावर टाकणार? हे सगळं मला माहीत होतं. बाई कामाची, हेही माहीत होतं. इतर जणी शंभर कळ्या करतात तेवढ्यात ही दीडशे करते आणि वर गुणगुणते. तीच गोष्ट माझ्या डोळ्यात खुपायची, आता लपवून काय करू?

ठिणगी पडली ती ऑगस्टमध्ये, पहिल्याच आठवड्यात. नव्या दोन पोरींना मी नख कसं फिरवायचं ते दाखवत होते. एक कळी जरा जास्त दाबली गेली आणि पापुद्रा फाटला. एखादी फाटते. पण ही भवानी शेजारच्या ओळीतून बोलली, "अक्का, तुन्हं नख आते बोथट व्हयनं. डोया बी दगा देतंस." नख बोथट झालं, डोळेही दगा देतात! चौदा बायकांच्या मुकादमिणीला! बायका हसल्या. शेवंताबाईसुद्धा हसली. रोज माझ्या डब्यातला ठेचा खाते आणि खुशाल दात काढते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्या दिवशी भाकरी उतरली नाही.

दुसऱ्या दिवसापासून धनीबाईला नाल्याकडच्या सहा ओळी दिल्या, अगदी टोकाच्या. टोपली घेऊन मी विहिरीपासून सुरुवात करायची, एकेकीला फुलं देत देत, कुणाला दम देत, कुणाशी चार शब्द बोलत, आणि सगळ्यात शेवटी नाल्याकडे. कुणीतरी शेवटी असणारच ना? कधी बारा वाजायचे, कधी साडेबारा. ती नाल्याच्या काठावर उन्हात उभी राहून वाट बघायची. "अक्का, लवकर आन," असं दोनदा ओरडली. मी म्हटलं, "तुझा हात चलाख आहे ना? मग उरक की."

महिना सरला. बोंडं धरली. सगळ्या प्लॉटात बोंडं लिंबासारखी गोल, आणि नाल्याकडची लाल धाग्याची बारकी, हलकी, हातात घेतली तर पोकळ.

हितेंद्र आला. हा कंपनीचा सुपरवायझर, नशिराबादचा. मोटारसायकलवरून उतरण्याआधी ओरडायला लागतो. त्यानं लाल धाग्याची पाच-सहा बोंडं चिमटीत दाबली आणि एक माझ्या पायाशी आपटलं. "अक्का, हे काय आहे? सहाच्या सहा ओळी पोचट! कुणाचा लाल?"

"धनीबाईचा," मी म्हटलं.

"नख खोल लावलंय. दुसरं काय! आज नख कापा तिचं. उद्या मला ही बाई इथं दिसता कामा नये."

जेवणाची वेळ होती. बायका बांधावर कळण्याच्या भाकरींची फडकी सोडून बसल्या होत्या. मी धाग्याच्या पिशवीतून कात्री काढली. खोटं सांगत नाही, मनातून बरं वाटलं मला. फार बरं वाटलं.

धनीबाई उठली नाही. भाकरीचा घास खाली ठेवला आणि म्हणाली, "मन्हं नख लागनंच नई. बोंड फाडी देखा."

"फाडायचं नाही!" हितेंद्र ओरडला. "कंपनीचं बी आहे ते. तुझ्या बापाचं शेत आहे का?"

"मन्हा बापनं शेत ऱ्हातं तं तुन्हासारखाले बांधवर उभं करतू नई," ती म्हणाली. हितेंद्रचा चेहरा असा झाला की दुसरी वेळ असती तर मी हसले असते.

तेवढ्यात नानांच्या जीपमधून एक पोरगी उतरली. ऋतिका नाव, धुळ्याच्या कॉलेजात शिकलेली, कंपनीनं जळगावहून तपासणीला पाठवलेली. पांढरे बूट घालून कपाशीत आली होती आणि दहा पावलांत त्यांचा चिखलाचा गोळा झाला. मी मनात म्हटलं, आली शहाणी. हितेंद्रनं तिला घाईघाईनं सांगितलं, नखाची चूक, बाई काढून टाकतोय, तुम्ही सही करा.

"कापून बघितलं?" तिनं विचारलं.

"मॅडम, बी वाया जाईल."

"ते वायाच गेलंय म्हणता ना? मग बघू दे. मला त्यासाठीच पाठवलंय."

तिनं पिशवीतून ब्लेड काढलं आणि शेवंताबाईच्या डब्याचं झाकण मागून घेतलं. झाकणावर बोंड आडवं धरलं. मी म्हटलं, "बोंड असं नाही फोडत, शिवणीवर उभं फोडतात." एकवीस वर्षांत मी बोंडं उभीच फुटताना बघितली. कापूस तसाच उलतो. आडवं कोण कशाला कापेल?

"उभं फोडलं तर एकच बाजू दिसते, मावशी," ती म्हणाली. मावशी! मला बठ्ठा शिरपूर तालुका अक्का म्हणतो.

तिनं आधी चांगलं बोंड घेतलं, विहिरीकडच्या ओळीतलं, शेवंताबाईच्या पिवळ्या धाग्याचं. कच्कन दोन तुकडे. बायका वाकल्या. मीही वाकले, उगाच कशाला खोटं बोला. आत पाच खण होते, मधोमध एक खांब, आणि ओल्या, पांढऱ्या सरक्या सगळ्या त्या खांबाला चिकटलेल्या. बाहेरच्या भिंतीला एकही नव्हती. जत्रेत बायका घोळका करून बसतात तशा, मधोमध गाठोडी आणि तोंडं बाहेर.

"फूल असतं तेव्हा हे अंडाशय," ऋतिका म्हणाली. "आणि ह्या सरक्या म्हणजे तेव्हाची बीजांडं. पपई कापल्यावर बिया कुठं असतात?"

"भितीले," एक पोरगी म्हणाली.

"बरोबर. पपईत भिंतीला. वाटाण्याच्या शेंगेत एका कडेला. कपाशीत मधल्या खांबाला, प्रत्येक खणात दोन ओळी. आणि दोन खणांच्या मध्ये पडदा. आता नख कुठून शिरणार? बाहेरून. ते ज्या खणावर लागेल तो खण काळा पडतो, आतल्या बिया सडतात. पडद्यापलीकडचे खण चांगले राहतात. आणि नख पार खांबापर्यंत गेलं तर बोंड राहतच नाही, चार दिवसांत गळून पडतं. म्हणजे नखाची चूक असेल तर मला एक खण काळा आणि बाकीचे भरलेले दिसायला हवेत."

हितेंद्र म्हणाला, "दिसेल ना. कापा की."

मला वाटलं, दिसेल. कात्री हातातच होती.

लाल धाग्याचं पहिलं बोंड कापलं. पाच खण, पाचही स्वच्छ. कुठं डाग नाही, कुठं काळं नाही. खांब जागेवर, बीजांडं जागेवर, सगळी खांबाला धरून. पण शेंड्याकडची दोन-तीन फुगलेली आणि खालची सगळी चपटी, सुकलेली, फुंकर मारली तर उडतील अशी. दुसरं कापलं, तसंच. तिसरं, तसंच. तिनं दहा कापली. झाकणावर मावेनात तेव्हा ओढणीत घेतली.

"हे नख नाही," ऋतिका म्हणाली. "हिचा हात स्वच्छ आहे. इतका स्वच्छ मी दुसऱ्या प्लॉटांवर बघितलेला नाही. बीजांडं सगळी शाबूत आहेत, पण पराग त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. मेलेला नर लावलाय. किती वाजता लावत होता?"

ऊन डोक्यावर होतं आणि नेमके बारा वाजून गेले होते.

धनीबाईनं माझ्याकडे बघितलं नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "टोपली कोना हातमा व्हती, ते ईचारा."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला त्या क्षणी कळलं. शेवंताबाई डब्यात बघायला लागली. बाकीच्या बायका एकमेकींकडे. प्रत्येकीला ठाऊक होतं. महिनाभर ठाऊक होतं, आणि एकीनंही तोंड उघडलं नव्हतं, कारण टोपली माझ्या हातात होती.

हितेंद्र मला वाचवायला धावला. माझ्यावर माया आहे म्हणून नव्हे, मी बिघडले तर चौदा बायका कुठून आणणार म्हणून. "मॅडम, हवेचा दोष असेल. नाल्याकडे वारा फार. आमच्या अक्काची एकवीस वर्षांची मुकादमी आहे. हिरवा धागा कापून बघा, नमुना म्हणून कंपनीत पाठवाल असं बोंड निघेल."

मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण गर्व, दुसरं काय! मी म्हटलं, "कापा."

पहिलं बोंड सुरेख निघालं. दुसरंही. हितेंद्र हसला. तिसऱ्याच्या कुशीला बाहेरून तांदळाएवढा डाग होता. ब्लेड फिरलं. चार खण भरलेले, पाचवा काळाकुट्ट. त्या खणातली बीजांडं खांबाला तशीच धरून होती, सडलेली.

चौथं चांगलं. पाचवं काळं. दहातली चार.

"हे मात्र नख आहे," ऋतिका म्हणाली. मग तिला उमगलं ती कुणाबद्दल बोलतेय. ओढणीतले तुकडे नुसती इकडचे तिकडे करत बसली.

बोथट व्हयनं, म्हणाली होती धनीबाई. डोया बी दगा देतंस. हसण्यावारी म्हणाली नव्हती ती. दिसलं ते बोलली होती, आणि मी त्यासाठी तिला महिनाभर उन्हात उभं केलं होतं.

"अहो, दोन-चार होतातच," हितेंद्र म्हणाला. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "अक्का, सहा ओळी बुडाल्या त्या कुणाच्या तरी नावावर घालाव्या लागतील. लाल धागा तिचा आहे. तुम्ही नख कापा आणि मोकळ्या व्हा. मॅडमचं मी बघतो."

आणि तो बघणारही होता. मला एवढंच करायचं होतं. मी बांधावर गेले आणि धनीबाईसमोर बसले. तिचा उजवा हात घेतला. तिनं ओढून घेतला नाही. अंगठा जाड, कष्टाचा, पण नख बघावं असं. पातळ, चंद्रकोरीसारखं घासलेलं, कडेला कुठं खरबरीत नाही. मी अशा नखाची होते, पंधरा वर्षांपूर्वी.

"कापी टाक," ती म्हणाली. "पन मन्हाकडे देखीसन काप."

मी बघितलं. ती रडत नव्हती. तिच्या डोळ्यात माझ्याविषयी जे होतं ते मी इथं सांगणार नाही, माझी मला लाज आहे.

मी तिचा हात सोडला. कात्री डाव्या हातात घेतली आणि माझ्याच अंगठ्याला लावली. डाव्या हातानं नीट जमेना. नख जाड झालेलं, कात्री दोनदा घसरली, मांसाला लागली. कुणी मदतीला आलं नाही आणि आलेलं मला चाललंही नसतं. तिसऱ्यांदा तुकडा पडला, बांधावर, भाकरीच्या चुऱ्यात.

"टोपली माझ्या हातात होती," मी ऋतिकाला म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नाल्याकडे मी साडेबाराला न्यायचे. मुद्दाम न्यायचे. लिहून घ्या. आणि हिरव्या धाग्याची बोंडं वेगळी काढा, नियम माझाच आहे."

"अक्का, वेड लागलं का तुम्हाला?" हितेंद्र ओरडला.

"तू गप रे," मी म्हटलं. "बोंड आडवं कापून बघ आधी कधीतरी, मग ओरड."

त्या हंगामात मी पुन्हा कळीला हात लावला नाही. पुढच्या साली मला कुणी टेम्पोत घेईल असं वाटत नाही, आणि मी विचारायलाही जाणार नाही. उरलेल्या दिवसांसाठी एकच काम माझ्याकडे राहिलं, टोपलीचं. नख नसलेल्या हातानं टोपली धरता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नराची फुलं तोडली, दव असतानाच. विहिरीकडे गेले नाही, शेवंताबाईनं हाक मारली तरी थांबले नाही. सरळ नाल्याकडे. धनीबाई ओळीत उभी होती. तिनं टोपलीकडे बघितलं, माझ्या अंगठ्याला बांधलेल्या चिंधीकडे बघितलं, आणि फूल उचललं. आभार नाहीत, काही नाही.

मी क्षणभर तिथंच थांबले. का थांबले, मलाच माहीत नाही.

"उभी काय ऱ्हायनी?" ती खेकसली. "पुढं चाल. नऊ वाजी ग्यात."

भवानी! एकवीस वर्षांच्या मुकादमिणीशी बोलायची ही रीत? म्हणून सांगते, मला ती आवडत नाही. पण टोपली मी खाली ठेवली नाही. तिच्या सहाही ओळी होईपर्यंत, एकेका लाल धाग्यापाशी, धरून उभी राहिले.